मानमोडी ते कोरोना : तापाची नावं आणि घरची शुश्रूषा

पाऊस लागला की कोकणातल्या घराघरांत एक शब्द हमखास ऐकू येतो, ‘व्हायरल’. ‘काय झालंय पोराला?’ ‘काही नाही, व्हायरल आहे.’ एवढं म्हटलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि सांगणाऱ्याचंही. डॉक्टरांनी हा शब्द आपल्याला दिला आणि आपण त्याच्या पोटात दहा-पंधरा वेगवेगळे आजार कोंबले. साधं पडसं व्हायरल, आठ दिवस अंथरुणाला खिळवणारा फ्लू व्हायरल, आणि कधीकधी जो मुळी विषाणूचा आजारच नाही तो तापही व्हायरल.

मी कविता लिहिणारा माणूस. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. पण शब्द कुठून आला, त्याच्या पोटात काय दडलंय, हे पाहायची खोड मला आहे. म्हणून आपल्या घरातल्या सर्दी-तापाचा इतिहास मी त्याच्या नावांवरून सांगणार आहे. या इतिहासात घरी उपयोगी पडेल असं बरंच काही आहे.

जुनी नावं पाहा. ‘पडसं’ हा शब्द संस्कृतातल्या ‘प्रतिश्याय’पासून झिजत झिजत आला. ‘सर्दी’ फारसीतून आली; सर्द म्हणजे थंड. हकीम मंडळी ‘नजला’ म्हणत; हा अरबी शब्द, अर्थ उतरणं, म्हणजे डोक्यातून नाका-घशात उतरणारं पाणी. आणि ‘इन्फ्लुएंझा’ हा इटालियन शब्द, अर्थ प्रभाव. आकाशातल्या ग्रह-ताऱ्यांच्या प्रभावानं ही साथ येते, असं त्या लोकांना वाटे. म्हणजे कुणी आजाराला थंडीचं नाव दिलं, कुणी वाहण्याचं, कुणी ताऱ्यांचं. आजार कशानं होतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून अंगाला जे जाणवलं तेच नाव झालं.

या जाणवण्यातूनच मराठीत एक भयंकर शब्द तयार झाला, ‘मानमोडी’. १९१८ साली आलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीला मराठी मुलखानं दिलेलं हे नाव. मान मोडून टाकणारा ताप. ज्यांनी तो सोसला त्यांनी डोकं आणि अंग कसं ठणकत होतं, ते या एका शब्दात सांगून ठेवलं आहे.

पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. सैनिकांनी भरलेली जहाजं मुंबई बंदरात येत-जात होती. जून १९१८ मध्ये गोदीत पहाऱ्यावर असणारे काही पोलीस शिपाई तापानं आजारी पडले. हिवतापाचा तो ताप नव्हता. पाठोपाठ गोदीतले कामगार, कचेऱ्यांतले कारकून, गिरणीतले लोक आजारी पडले. ही पहिली लाट पावसात आली आणि तशी सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती मात्र माणसं घेऊन गेली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. देशभरात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९२१ च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमी भरली. जनगणनेच्या इतिहासात असं घडलेलं ते एकच दशक.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचं मुंबईशी नातं तेव्हाही रक्ताचं होतं. परगावाहून पोटासाठी मुंबईत आलेल्यांमध्ये रत्नागिरीकरांचा वाटा सर्वांत मोठा. कोकणात रेल्वे नव्हती. ती पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडलं. ये-जा व्हायची ती बोटीनं, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशा बंदरांतून. शहरात साथ आली की चाकरमानी गावची वाट धरत. १८९६-९७ च्या प्लेगात तर जवळजवळ अर्धी मुंबई रिकामी झाली होती. जिथं आपलं माणूस असतं तिथं माणूस आजारपणात जातो आणि त्याच्याबरोबर आजारही जातो.

१९१८ च्या डॉक्टरांपाशी काय होतं? विषाणू म्हणजे काय हेच नीट कळलेलं नव्हतं. फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं शोधलेला एक जिवाणू इन्फ्लुएंझाचं कारण आहे, अशी समजूत होती. ती चुकीची ठरली. पेनिसिलिन अजून दहा वर्षं दूर होतं. लस नव्हती, प्राणवायूची सोय नव्हती. त्या काळातल्या मृतांच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले नमुने पुढे तपासले गेले, तेव्हा दिसलं की बहुतेकांचा जीव विषाणूनंतर छातीत शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियानं घेतला. ताप उतरल्यासारखा वाटतो, माणूस उठून बसतो आणि दोन दिवसांनी पुन्हा ताप चढून दम लागतो. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

त्या वर्षीचा आणखी एक आकडा माझ्या मनातून जात नाही. मुंबईत या साथीतलं मृत्यूचं प्रमाण सगळ्यांत सारखं नव्हतं. युरोपियनांमध्ये ते हजारी सुमारे ८ होतं, तर अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींत हजारी सुमारे ६१. शहर एक आणि साथही तीच. औषध तर दोघांपाशीही नव्हतं. मग फरक कशाचा? हवेशीर खोल्यांचा, पोटभर अन्नाचा, आणि अंथरुणाशी पाणी घेऊन येणाऱ्या माणसाचा. एका खोलीच्या बिऱ्हाडात सगळीच्या सगळी माणसं एकदम पडली तर पेज कोण शिजवणार आणि कपाळावर ओली पट्टी कोण ठेवणार? त्या वर्षी पाऊसही फसला होता, धान्य महागलं होतं. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे कार्यकर्ते आणि निरनिराळ्या समाजांची मंडळं तेव्हा मदतीला धावली. औषध नव्हतं त्या दिवसांत माणसानं माणसाची केलेली सेवा हाच मोठा उपचार होता.

पुढची गोष्ट प्रयोगशाळेतली आहे. १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढला. १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघालं. तेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखलं जातं. १९५० च्या दशकात साध्या पडशाचे ऱ्हायनो विषाणू सापडले. त्यांचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. म्हणून तर पडसं आयुष्यभर पुन्हा पुन्हा होतं. त्याच सुमारास लहान बाळांच्या छातीत उतरणारा आरएसव्ही सापडला. १९६० च्या दशकात माणसाला सर्दी करणारे कोरोना विषाणू सापडले. २००१ मध्ये एचएमपीव्हीची ओळख पटली. जानेवारी २०२५ मध्ये याच एचएमपीव्हीच्या बातम्यांनी घबराट उडाली होती. प्रत्यक्षात तो आपल्यात कितीतरी वर्षांपासून फिरत होता. आजी ज्याला नुसतं ‘पडसं-खोकला’ म्हणायची, त्या एका गाठोड्यातून अशी डझनभर नावं निघाली.

मी अलोऱ्यात वाढलो. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडचं, चिपळूण तालुक्यातलं हे गाव. कोयना प्रकल्पाची वसाहत इथं झाली आणि घाटावरची, देशावरची, परप्रांतातलीही कुटुंबं कोकणी माणसांच्या शेजारी राहायला आली. एका घरात कुणी शिंकलं की आठवड्याभरात रांगच्या रांग खोकायची. आमच्या घरी जोशांदा उकळायचा, शेजारी काढा. आमच्या पातेल्यात उन्नाब आणि मुलेठी, त्यांच्या पातेल्यात तुळस, आलं, गवती चहा आणि ज्येष्ठमध. मुलेठी आणि ज्येष्ठमध ही एकाच मुळीची दोन नावं, हे मला फार उशिरा कळलं. यातलं काहीही विषाणूला मारत नाही. पण गरम पाणी पोटात जातं, घसा शेकला जातो, आणि आजारी माणसाकडे कुणाचं तरी लक्ष आहे हे त्याला कळतं.

नावांचा एक वाईट उपयोगही इतिहासात दिसतो. १९१८ च्या साथीला जग ‘स्पॅनिश फ्लू’ म्हणालं. स्पेन युद्धात नव्हता, तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धातली बंधनं नव्हती, म्हणून बातम्या तिथून आल्या. एवढाच त्याचा दोष. आपल्याकडे काही जण तिला ‘मुंबईचा ताप’ म्हणत. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला, ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्याकडे लोक संशयानं पाहू लागले. ९ मार्च २०२० ला महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले, पुढे टाळेबंदी झाली, आणि ज्यांच्या मनीऑर्डरींवर गावं जगली त्या चाकरमान्यांना कित्येक गावांच्या वेशीवर अडवण्यात आलं. त्याच वसंतात साथीला धर्माचंही नाव चिकटलं. माझं नाव ऐकून दोन पावलं मागे सरकणारी माणसं तेव्हा मीही पाहिली. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलिगच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि संकटाच्या वेळी बळीचे बकरे शोधले जातात, असं निकालात नोंदवलं. हे उगाळण्यासाठी सांगत नाही. ज्या तापाच्या नावात आरोप असतो तो ताप माणसं लपवतात, तपासणीला उशिरा जातात, आणि किंमत घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मोजावी लागते.

तेव्हा आता कामाचं बोलू. घरात ताप-खोकला आला तर कोणता आजार हे ओळखता येतं का? थोडंफार येतं, पण पूर्ण खात्रीनं येत नाही. साधं पडसं हळूहळू येतं. आधी घशात खवखव, मग शिंका, मग नाक वाहतं. मोठ्या माणसाला ताप बहुधा नसतो, असला तर कणकण. सात ते दहा दिवसांत ते जातं. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असं नाही. साध्या पडशातही रंग बदलतो.

फ्लू दार ठोठावत नाही. सकाळी कामाला गेलेला माणूस दुपारी थंडी वाजत घरी येतो. जोराचा ताप, डोकेदुखी, हाडं मोडल्यासारखं अंग, कोरडा खोकला, उठवत नाही इतका थकवा. ताप तीन-चार दिवस, खोकला आणि अशक्तपणा दोन आठवडेही राहतो. आपल्याकडे फ्लूचे दोन हंगाम : एक पावसाळ्यात, दुसरा जानेवारी ते मार्चच्या सुमारास.

कोरोना सर्दीसारखाही वागतो आणि फ्लूसारखाही. २०२०-२१ मध्ये वास आणि चव जाणं ही त्याची खूण होती; नंतरच्या ओमायक्रॉन प्रकारांत ती तितकीशी दिसत नाही. आज तपासणीशिवाय फ्लू आणि कोरोना खात्रीनं वेगळे सांगणं डॉक्टरांनाही अवघड आहे. डोळे लाल, घसा सुजलेला आणि ताप, असं असेल तर अॅडिनो विषाणूची शक्यता असते. आणि मोठ्यांना साधी सर्दी करणारा आरएसव्ही काही महिन्यांच्या बाळाची छाती भरून टाकू शकतो. म्हणून सर्दी झालेल्या पाहुण्यानं बाळाचा मुका घेऊ नये, कुणी रागावलं तरी चालेल.

एक इशारा खास आपल्या भागासाठी. ताप आहे, पण नाक वाहत नाही आणि खोकला नाही, तर त्याला ‘व्हायरल’ म्हणून घरी बसू नका. भातलावणीच्या चिखलात उभं राहिलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर तो लेप्टो असू शकतो. तो जिवाणूंचा आजार आहे आणि वेळेवर औषध दिलं तर बरा होतो. डेंगी, हिवताप यांचेही हेच दिवस. हे रक्त तपासूनच कळतं. डेंगीची शंका असेल तर अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयाची शंका तिथंच फिटते.

आता शुश्रूषा. आजारी माणसाला शक्य तर वेगळी खोली द्या. ती नसेल तर खिडकीजवळची जागा द्या आणि खिडकी उघडी ठेवा. आपल्याकडे ताप आला की दारं-खिडक्या लावून, गोधड्या घालून माणसाला घाम काढायची पद्धत आहे, ती सोडावी. जवळ जाताना दोघांनीही तोंडा-नाकावर मास्क लावावा, हात साबणानं धुवावेत. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस इतरांना आजार देऊ शकतो.

पाणी, पेज, आटवल, सार, जे जाईल ते थोडं थोडं द्या. लघवी नेहमीसारखी होते आहे ना, हे पाहा; पाणी पुरतं की नाही हे त्यावरून कळतं. तापासाठी पॅरासिटामॉल, मुलांना वजनाप्रमाणे, प्रमाण डॉक्टरांना विचारून. दुकानातल्या सर्दीच्या गोळ्यांमध्येही बहुधा पॅरासिटामॉल असतंच. दोन्ही एकत्र घेतल्यास मात्रा दुप्पट होते. मुलांना अॅस्पिरिन देऊ नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका. नाक बंद असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात. उकळत्या पाण्याचं पातेलं लहान मुलासमोर ठेवून वाफ देऊ नका. भाजण्याचा धोका मोठा, फायदा थोडा. खोकल्याच्या औषधांबद्दल तर फारच जपा. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात विषारी भेसळ असलेल्या खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं दोन वर्षांखालच्या मुलांना अशी औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत, असं कळवलं. आणि उरलेलं अँटिबायोटिक कपाटातून काढून घेऊ नका. ते विषाणूवर चालत नाही.

घरात साठीच्या पुढचं माणूस, गरोदर बाई, मधुमेही, दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल आणि लक्षणं फ्लूची वाटत असतील, तर वाट न पाहता पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांकडे जा. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. फ्लूची लसही आहे; ती दरवर्षी घ्यावी लागते.

शेवटी सर्वांत महत्त्वाचं, श्वास. मूल शांत असताना त्याचं पोट एक मिनिटभर पाहा आणि श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धाप आहे. छाती आत ओढली जाते, बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडतं, तर ताबडतोब दवाखाना. मोठ्या माणसाला बसल्या जागी दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, असंबद्ध बोलणं, बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू ९४ च्या खाली जाणं, किंवा ताप तीन दिवसांत न हटणं ही थांबण्याची लक्षणं नव्हेत. आणि मानमोडीतला तो क्रम आठवा : बरं वाटून पुन्हा चढलेला ताप. १९१८ मध्ये त्यावर इलाज नव्हता. आज आहे. छातीतल्या जिवाणूंवर अँटिबायोटिक इथंच कामाला येतं. रात्री-अपरात्री १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनी आपल्याला पुष्कळ नावं दिली आणि ती गरजेची होती. त्यांच्यामुळेच लसी आणि औषधं आली. पण ज्या रात्री घरात ताप येतो त्या रात्री नाव माहीत नसतं. माहीत नसलं तरी पाणी पाजता येतं, खिडकी उघडता येते, म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण दुसरीकडे घालता येतं आणि श्वास मोजता येतो. आपल्या आळीत एकटं राहणारं कुणी असेल, ज्याची मुलं मुंबईला आहेत, तर तापाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ त्याच्या दारात जाऊन हाक मारा. मानमोडीत ज्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवणारं कुणी नव्हतं, त्यांच्यासारखी वेळ आता कुणावर येऊ नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)